उष्णतेची मोट : एकाच यंत्रानें ऊब व गारवा कसा मिळतो

गेल्या कांहीं वर्षांत द्राक्षें, हळद व दूध यांचा मोठा व्यवहार असलेल्या गांवीं यंत्रें विकणारे लोक येऊं लागले असून, "एका युनिट विजेंत तीन युनिटें उष्णता" व "एकाच यंत्रांत ऊब आणि गारवा" अशीं वाक्यें छापलेलीं पत्रकें ते वांटीत असतात. या यंत्रास इंग्रजींत हीट पंप म्हणतात. आपण त्यास उष्णता-पंप म्हणूं. ज्यानें आपलें आयुष्य जमाखर्चाच्या वह्या तपासण्यांत घालविलें आहे, त्याला एक रुपया जमा व तीन रुपये खर्च अशी वही दिसली कीं प्रथम अफरातफरीचाच संशय यावयाचा. परंतु या बाबतींत वही खोटी नाहीं. जमेची एक रक्कम पत्रकांत छापलेली नसते, एवढेंच. ती रक्कम कोणती, ती कोठून येते व केव्हां आटते, हें ज्याला समजलें त्याला यंत्र विकणारा सहसा फसवूं शकणार नाहीं. ज्याला समजलें नाहीं त्याच्या गळ्यांत लाखों रुपयांचें यंत्र व त्यावरील कर्जाचे हप्ते पडून, शेवटीं तें पत्र्याच्या शेडमध्यें धूळ खात बसण्याचा संभव असतो. सबब या यंत्राची रचना थोडी सविस्तर सांगण्याचें योजिलें आहे.

ज्यांनीं चालती मोट पाहिली आहे त्यांना हें यंत्र निम्में ठाऊकच आहे. धावेवरून बैल उतरूं लागले कीं मोट वर येते, थारोळ्यांत रिती होते, आणि पाणी पाटानें मळ्याकडे जातें. बैल पाणी निर्माण करीत नाहींत. तें विहिरींत असतेंच. बैलांचें काम तें खालून वर आणण्याचें. पाणी आपोआप वरून खालीं वाहतें. खालून वर आणावयाचें तर शक्ति खर्चावी लागते. उष्णतेचेंही तसेंच आहे. ती आपोआप उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे जाते. उलट दिशेनें न्यावयाची तर कोणीतरी ओढणारा पाहिजे. उष्णता-पंपांत हें बैलांचें काम विजेची मोटर करते. विजेची शेगडी एक युनिट विजेपासून एक युनिटच उष्णता देते, त्याहून अधिक देणें तिला शक्य नाहीं. उष्णता-पंप मात्र तेवढ्याच विजेवर उष्णता उपसतो, आणि उपसलेला माल हा उपसण्याच्या मजुरीहून अधिक असूं शकतो, हें विहिरीवर वाढलेल्या माणसाला निराळें सांगावयास नको.

येथें कोणी विचारील कीं, थंडगार पाण्यांत उष्णता असते कोठें, कीं ती उपसावी? थंड हा शब्द आपण आपल्या अंगाच्या मानानें वापरतों. शास्त्राच्या मापानें उष्णतेचा तळ शून्याच्या खालीं २७३ अंशांवर आहे. (या लेखांतील अंश सर्वत्र सेंटिग्रेडचे समजावे.) त्या तळापासून मोजलें तर ५ अंशांचें पाणी देखील २७८ अंश उंचीवर उभें आहे व त्यांत उष्णता भरपूर आहे. तिचा उपयोग होत नाहीं, तो ती आपल्या गरजेच्या मानानें खोल आहे म्हणून.

आतां उष्णता कोणत्या मोटेंत भरून वर आणावयाची हा प्रश्न. तो समजण्यास स्वयंपाकघरांतील दोन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली अशी कीं, द्रव पदार्थ उकळून त्याची वाफ होतांना तो पुष्कळ उष्णता पोटांत घेतो, आणि वाफेचा पुन्हा द्रव होतांना तितकीच परत देतो. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट असतो तो यामुळेंच. दुसरी गोष्ट, पदार्थ किती अंशांवर उकळेल हें त्याच्यावरील दाबावर अवलंबून असतें. पाणी समुद्रकांठीं १०० अंशांवर उकळतें. महाबळेश्वरास हवेचा दाब कमी म्हणून तें सुमारें ९५ अंशांवरच उकळूं लागतें. आणि प्रेशर कुकरमध्यें दाब वाढल्यामुळें तें १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळतें. म्हणजे दाब कमी केला कीं पदार्थ थोड्या उष्णतेवर उकळतो, आणि दाब वाढविला कीं त्याच पदार्थाची वाफ बऱ्याच उष्ण जागींही निवून द्रव होते. लग्नकार्यांत मोठ्या शेगडीवर तासन्‌तास आधण ठेवलें असतां गॅसच्या सिलिंडरला बाहेरून दंव धरतें, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. आंतील द्रव झपाट्यानें उकळत असतो व त्यासाठीं लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यांतून ओढून घेतो. असाच एखादा सहज उकळणारा पदार्थ उष्णता-पंपांत भरलेला असतो. उघड्या हवेंत अमोनिया शून्याखालीं ३३ अंशांवर उकळतो, प्रोपेन शून्याखालीं ४२ अंशांवर, आणि शीतगृहांतून बराच वापरला गेलेला आर-१३४ए या नांवाचा पदार्थ शून्याखालीं २६ अंशांवर. कारागीर या सर्वांस सरसकट गॅस म्हणतात. आपणही तोच शब्द घेऊं.

यंत्राचे मुख्य अवयव चारच. दोन कॉइल, म्हणजे नळ्यांचीं वेटोळीं, ज्यांच्या आंतून गॅस व बाहेरून हवा किंवा पाणी वाहतें. त्या दोहोंच्या मध्यें एका वाटेवर कॉम्प्रेसर, म्हणजे दाबयंत्र. व दुसऱ्या वाटेवर एक बारीक छिद्राची झडप. समजा, ५ अंशांच्या पाण्यांतून उष्णता घेऊन ६० अंशांचें पाणी करावयाचें आहे आणि यंत्रांत आर-१३४ए भरलेला आहे. पहिल्या कॉइलमध्यें दाब हवेच्या दाबाच्या सुमारें तिप्पट ठेवलेला असतो. एवढ्या दाबाखालीं हा गॅस शून्य अंशांवर उकळतो. त्याला शेजारचें ५ अंशांचें पाणी म्हणजे चुलाणच आहे. त्या पाण्याची उष्णता घेऊन तो उकळतो व त्याची वाफ होते. पाणी तितकें अधिक थंड होऊन पुढें जातें. ती वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो व हवेच्या दाबाच्या सुमारें एकोणीस पटींपर्यंत दाबतो. सायकलमध्यें हवा भरतांना पंपाचें टोक तापतें, त्याच न्यायानें ही दाबलेली वाफ फार तापते. ती दुसऱ्या कॉइलमध्यें शिरते. या दाबाखालीं ती ६५ अंशांवरच निवून द्रव होऊं लागते, आणि पोटांतील सारी उष्णता बाहेरून वाहणाऱ्या पाण्याला देते. म्हणून तें पाणी ६० अंशांपर्यंत तापूं शकतें. मग तो द्रव झडपेच्या बारीक छिद्रांतून जातो. पलीकडे दाब एकदम उतरतो, त्याबरोबर तो गार होतो आणि पुन्हा पहिल्या कॉइलमध्यें उकळावयास हजर होतो. गॅस खर्च होत नाहीं. भरलेली मोट वर, रिकामी मोट खालीं, असा हा फेरा वीज चालू आहे तोंपर्यंत चालतो.

ही कल्पना नवी नाहीं. ग्लासगो येथील प्राध्यापक विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्विन या नांवानें प्रसिद्ध झाले, त्यांनीं १८५२ सालींच इमारती तापविण्यासाठीं व थंड करण्यासाठीं असें यंत्र करतां येईल असें दाखवून दिलें होतें. पण मोठ्या इमारतीवर त्याचा जो प्रयोग पुढें विशेष गाजला तो स्वित्झर्लंडांतील झुरिक शहरीं. त्या देशांत कोळसा नाहीं म्हटला तरी चालेल. डोंगरांवरून पडणाऱ्या पाण्यापासून वीज मात्र पुष्कळ. झुरिकचें नगरभवन सतराव्या शतकाच्या अखेरीस लिमाट नदीच्या अगदीं पाण्यावर बांधलेलें आहे. १९३८ सालीं तेथें एशर वीस या कारखान्यानें उष्णता-पंप बसविला. तो लिमाटच्या पाण्यांतून उष्णता उपसून सुमारें ६० अंशांचें पाणी तयार करी व तें इमारतींत खेळवी. त्याची देण्याची ताकद सुमारें १०० किलोवॅट, म्हणजे एक किलोवॅटच्या शंभर शेगड्यांइतकी होती. आणि उन्हाळ्यांत त्याच यंत्राकडून गारवाही घेतां येई. पुढें २००१ सालीं त्याच्या जागीं नवें यंत्र आलें. तोंपर्यंत साठांहून अधिक वर्षें त्यानें काम दिलें. आपल्याकडे सरकारी इमारतींत बसविलेलें यंत्र दहा वर्षें टिकलें तरी निविदेच्या फाइलीवर समाधानाचा शेरा पडतो, हें लक्षांत घेतां ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

या इमारतीची हिवाळ्यांतील वही मांडून पाहूं. विजेच्या खात्यांतून आलें एक युनिट. नदीच्या खात्यांतून आलीं समजा दोन युनिटें. इमारतीच्या खात्यांत पडलीं तीन. बैलांनीं लावलेली शक्ति मोटेंतील पाण्यांत मिसळत नाहीं. येथें मात्र मोटरनें खर्चिलेली वीज देखील अखेर उष्णताच होऊन गॅसबरोबर इमारतींत जाते, म्हणून ती बेरजेंत धरली पाहिजे. पत्रकांत न छापलेली जमेची रक्कम ती हीच : नदीकडून, किंवा बाहेरच्या हवेकडून, किंवा जमिनींतून, फुकट आलेली. तिच्यावर सारा नाहीं व पट्टी नाहीं, पण ती आणण्याची मजुरी विजेच्या रूपानें द्यावी लागते.

उन्हाळ्यांत काय होतें? इमारतींतील खोल्या तापलेल्या असतात व त्यांतील उष्णता बाहेर काढावयाची असते. म्हणजे आतां विहीर इमारतींत आणि थारोळें नदीवर. मोट तीच, बैल तेच. फक्त कोठून काढावयाचें व कोठें ओतावयाचें याची अदलाबदल झाली. घरच्या शीतकपाटाच्या पाठीमागें हात लावून पाहिल्यास ऊब लागते, ती आंतल्या भाजीपाल्यांतून व दुधांतून काढलेली उष्णताच होय, तींत मोटरची भर पडलेली. गारवा म्हणून कोणता पदार्थ यंत्र तयार करून आंत सोडतें असें नाहीं. आंतील उष्णता काढून नेली कीं जें मागें राहतें त्यालाच आपण गारवा म्हणतों.

ही अदलाबदल ज्या भागानें होते तो पाहण्यासारखा आहे. हवेवर चालणाऱ्या दुकानांच्या, कचेऱ्यांच्या व दवाखान्यांच्या यंत्रांत त्यास चार तोंडांची झडप म्हणतात. ती वीतभर लांबीची एक नळकांडी असते. तिच्या एका अंगास एक तोंड, त्यांतून कॉम्प्रेसरची दाबलेली गरम वाफ आंत येते. दुसऱ्या अंगास तीन तोंडें, त्यांपैकीं मधलें कॉम्प्रेसरच्या ओढीकडे परत जातें आणि कडेचीं दोन दोन्ही कॉइलांकडे जातात. आंत एक सरकता ठोकळा असतो. तो एका बाजूस असतां गरम वाफ खोलींतील कॉइलकडे जाते व ऊब मिळते; दुसऱ्या बाजूस सरकला कीं तीच वाफ बाहेरच्या कॉइलकडे जाते, आणि खोलींतील कॉइल गॅस उकळण्याची जागा बनून गार पडते. ठोकळा सरकविण्याची युक्ति अशी कीं, विजेचें एक लहानसें चुंबक फक्त एक बारीक वाट उघडतें, आणि मग यंत्रांतील दाबच त्या ठोकळ्याला ढकलतो. शेतांतील पाट फोडून बारें बदलावें इतकें तें सोपें आहे. कॉम्प्रेसर मात्र कधींही उलटा चालत नाहीं. एका तोंडानें ओढणें व दुसऱ्यानें दाबणें हें त्याचें काम दोन्ही ऋतूंत तेंच. त्याच्या तोंडाशीं एक सांचवणीचें भांडें ठेवतात, कारण वाट बदलतांना कांहीं न उकळलेला द्रव त्याच्याकडे येऊं शकतो, आणि वाफ दबते तसा द्रव दबत नाहीं. तो आंत गेला तर कॉम्प्रेसर फुटण्याची भीति असते. पाण्यावर चालणाऱ्या मोठ्या यंत्रांतून पुष्कळदां गॅसची वाट तशीच ठेवून बाहेरच्या पाण्याच्या नळांचीं तोंडेंच बदलतात. परिणाम एकच.

वहीच्या दृष्टीनें मात्र दोन्ही ऋतूंत एक फरक पडतो व तो विकणारे लोक क्वचितच सांगतात. हिवाळ्यांत आपणांस तीनही युनिटें हवीं असतात, म्हणून विजेच्या एका युनिटास तीन मिळालीं असें म्हणावयाचें. उन्हाळ्यांत आपला लाभ म्हणजे खोलींतून काढलेलीं दोन. तिसरें, मोटरचें, बाहेर टाकून द्यावयाचें. तेव्हां त्याच यंत्राचा व त्याच उपशाचा आंकडा ऊब देतांना तीन असेल तर गारवा देतांना दोनच होतो. पत्रकावरील आंकडा कोणत्या कामाचा, हा पहिला प्रश्न विचारावयाचा तो यासाठीं.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे, आणि तो विहिरीच्या खोलीचा. दोन परस विहिरीवर दिवसभरांत जितक्या मोटा निघतात तितक्या सहा परस विहिरीवर निघत नाहींत, बैल कितीही चांगले असोत. उष्णतेच्या विहिरीची खोली म्हणजे जेथून उष्णता घ्यावयाची व जेथें द्यावयाची त्या दोन ठिकाणांच्या उष्णतामानांतील अंतर. सादी कार्नो या फ्रेंच गृहस्थानें १८२४ सालीं उष्णतेच्या यंत्रांविषयीं जो सिद्धांत मांडला, त्यावरून सर्वोत्तम यंत्राचा आंकडाही काढतां येतो : वरच्या ठिकाणचें उष्णतामान तळापासून मोजून घ्यावें, म्हणजे त्यांत २७३ मिळवावे, व त्यास दोन ठिकाणांतील अंतरानें भागावें. नदी ५ अंश व तापविलेलें पाणी ६० अंश असेल तर ३३३ भागिलें ५५, म्हणजे सुमारें सहा. याहून जास्त कोणतेंही यंत्र देणार नाहीं, मग तें कोणत्याही देशांत झालेलें असो. प्रत्यक्षांत चांगल्या यंत्राला याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे तीन, हातीं लागतात. त्याच नदीवर ६० ऐवजीं ३५ अंशांचेंच पाणी हवें असेल तर ३०८ भागिलें ३०, म्हणजे दहा, व प्रत्यक्ष पांच. यंत्र तेंच, नदी तीच, पण उपसा उथळ झाल्याबरोबर विजेचें बिल बरेंच उतरलें. ढोबळ मानानें, खोलींतील प्रत्येक अंशामागें वीज शेंकडा दोन-तीन अधिक लागते असें धरण्यास हरकत नाहीं.

गारव्याच्या बाबतींतही तोच नियम. फक्त आपला लाभ खालच्या ठिकाणाहून निघणारा असल्यामुळें भाज्य म्हणून खालच्या ठिकाणचा आंकडा घ्यावयाचा. शीतगृहांत २ अंश ठेवावयाचे व बाहेर वैशाखांतील दुपारचे ४२ अंश असतील तर २७५ भागिलें ४०, म्हणजे कागदावर सुमारें सात. तेंच काम रात्रीं २५ अंशांत केलें तर २७५ भागिलें २३, म्हणजे बारा. खऱ्या यंत्राचे आंकडे दोन्ही वेळीं बरेच खालीं येतील, पण रात्रीची बाजू सरसच राहील. शीतगृहांतील माल शक्य तितका रात्रीं व पहांटे थंड करून दुपारीं फक्त दारें नीट लावून ठेवणारा मॅनेजर हा पगाराहून अधिक मिळवून देतो असें माझें मत आहे.

थंड मुलखांत हवेवर चालणाऱ्या यंत्रास आणखी एक अडचण असते. बाहेरच्या हवेंतून उष्णता ओढावयाची तर बाहेरचें कॉइल त्या हवेहूनही कांहीं अंश थंड ठेवावें लागतें. हवा ४-५ अंशांवर आली कीं कॉइल शून्याच्या खालीं जातें, हवेंतील ओल त्यावर गोठून बसते, आणि बर्फाचा थर जमला कीं हवा आंत शिरेनाशी होते. यावर उपाय म्हणून यंत्र आपली चार तोंडांची झडप कांहीं मिनिटें उलटी फिरवितें, म्हणजे ऊब देण्याचें थांबवून घटकाभर गारव्याच्या वाटेनें चालतें. त्यामुळें गरम वाफ बाहेरच्या कॉइलमध्यें जाऊन बर्फ वितळतो, पाणी खालीं ठिबकतें, व यंत्र पुन्हा पूर्ववत् होतें. तेवढ्या वेळांत आंतली हवा थंड लागते, आणि नवा मालक यंत्र बिघडलें म्हणून कारागिरास बोलावितो. आपल्याकडे निफाडच्या बाजूस थंडीच्या कांहीं रात्रीं पारा ५ अंशांच्याही खालीं जातो. तेथें हा प्रकार दिसूं शकेल. इतरत्र त्याची फारशी चिंता नको.

आतां आपल्या कामाकडे वळूं. आपल्या मुलखांत खोल्या तापविण्याची गरज थोडी. म्हणून झडप फिरवून हिवाळ्यांत एक व उन्हाळ्यांत दुसरें काम करणाऱ्या यंत्राचा लाभ आपणांस युरोपांतल्या इतका नाहीं. आपला खरा लाभ जेथें एकाच वेळीं एकीकडे गारवा व दुसरीकडे ऊब लागते तेथें आहे. कारण मग विहीरही आपली व थारोळेंही आपलेंच, आणि वहींतील कोणतीच रक्कम वायां जात नाहीं. मोठ्या रुग्णालयांत व हॉटेलांत खोल्यांतून काढलेली उष्णता स्नानाच्या पाण्यास देतात ती याच विचारानें.

दूध संस्थेचें उदाहरण घ्या. धारेचें दूध सुमारें ३५ अंशांवर येतें व तें ४ अंशांपर्यंत उतरवावयाचें असतें. एक युनिट म्हणजे ८६० लिटर पाण्याचें उष्णतामान एका अंशानें चढविण्याइतकी उष्णता. या मापानें एक हजार लिटर दुधांतून ३१ अंश काढणें म्हणजे सुमारें ३५ युनिटें उष्णता काढणें झालें. गारव्याचा आंकडा तीन धरला तर वीज सुमारें १२ युनिटें लागेल. दोहोंची बेरीज ४७ युनिटें, आणि साध्या बल्क कूलरमध्यें ही सर्व बेरीज पंखा लावून हवेंत उडवून देतात. त्याच संस्थेंत भांडीं, कॅन व नळ्या धुण्यास कढत पाणी लागतें, व तें विजेच्या हीटरवर किंवा लांकूडफांटा जाळून तापवितात! ४७ युनिटांत हिशेबानें २५ अंशांचें पाणी ५५ अंशांपर्यंत तेराशें लिटर तापेल. ५५ अंशांवर उष्णता ओतावयाची तर उपसा खोल होतो व वीज थोडी वाढते. शिवाय सर्वच उष्णता पकडतां येत नाहीं. पण निम्मी पकडली तरी सहाशें लिटरांवर कढत पाणी रोज पदरांत पडेल. ज्या संस्थेचें बल्क कूलर बदलण्यास आलें आहे तिनें हा विचार अवश्य करावा. नवें संपूर्ण यंत्रच घ्यावें असेंही नाहीं. जुन्या कूलरच्या गरम वाफेच्या नळीवर पाण्याचें कॉइल बसविण्यानेंही पुष्कळ काम भागतें.

सुकवणीच्या यंत्राबद्दल मात्र मी इतक्या उत्साहानें लिहूं शकत नाहीं. त्याची रचना मोठी चतुर आहे यांत शंका नाहीं. बंद खोलींतील ओली हवा प्रथम थंड कॉइलवरून नेतात. तेथें तिच्यांतील पाणी, गार तांब्यावर दंव धरावें तसें, सुटून नळीवाटे बाहेर जातें. मग तीच कोरडी झालेली हवा गरम कॉइलवरून नेऊन पुन्हा मालावर सोडतात. वाफेंत दडलेली उष्णता थंड कॉइलनें पकडली ती गरम कॉइलनें परत दिली. ऊब व गारवा दोन्ही एकाच खोलींत कामास आलीं. साध्या गरम हवेच्या सुकवणींत ही उष्णता ओल्या हवेबरोबर धुराड्यांतून निघून जाते. पण हिशेब काय होतो तो पाहा. चार किलो द्राक्षांचा सुमारें एक किलो बेदाणा होतो, म्हणजे एक टन द्राक्षांतून ७५० किलो पाणी काढावयाचें. नुसत्या वाफेचीच उष्णता किलोस सुमारें दोन-तृतीयांश युनिट धरतां एकूण पांचशें युनिटें होतात. उष्णता-पंपानें एका युनिटांत दोन किलो पाणी काढलें असें धरलें तर वीज ३७५ युनिटें, व युनिटास ८ रुपये धरले तर तीन हजार रुपये, म्हणजे बेदाण्याच्या किलोमागें बारा रुपये. त्यावर यंत्राचा हप्ता व दुरुस्ती निराळी. तासगांवाकडे शेडमधील जाळ्यांवर फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या वाऱ्यांत सुमारें पंधरवड्यांत हेंच काम होतें आणि वारा बिल पाठवीत नाहीं. तेव्हां सबंध हंगामाच्या बेदाण्यासाठीं हें यंत्र घेणें मला परवडणारें दिसत नाहीं. अवकाळी पावसानें जाळीवरचा अर्धवट सुकलेला माल काळा पडण्याची वेळ आली असतां तो वाचविण्यासाठीं, अनेकांनीं मिळून एखादें ठेवलें तर तो हिशेब निराळा. तेथें बारा रुपये हे सबंध मालाच्या विम्याचा हप्ता समजतां येतील. ज्यांना पावसाळ्यांतच पालेभाज्या, आलें किंवा औषधी वनस्पति सुकवावयाच्या आहेत, ज्या मालाचा रंग व वास उन्हानें जातो, त्यांच्यासाठींही यंत्रास जागा आहे.

यंत्र घ्यावयाचें ठरल्यास पत्रकावरील मोठ्या अक्षरांतील आंकड्यावर न जातां, तो आंकडा किती अंशांवरून किती अंशांपर्यंतच्या उपशाचा आहे हें लिहून मागावें. ७ अंशांच्या बाहेरच्या हवेंत ३५ अंशांचें पाणी करतांना मिळालेला आंकडा युरोपांत सर्रास छापतात; ६० अंशांची सुकवणी करणाराला त्याचा उपयोग नाहीं. गॅस कोणता हेंही विचारावें. झुरिकच्या यंत्रांत आर-१२ हा गॅस होता. पृथ्वीभोंवतींच्या ओझोनच्या थराला तो मारक ठरल्यामुळें १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें तो बंद होत गेला. त्याच्या जागीं आलेले आर-१३४ए सारखे गॅसही हवामानाला अपायकारक म्हणून २०१६ च्या किगाली येथील दुरुस्तीनें टप्प्याटप्प्यानें कमी करावयाचे ठरलें असून, भारतानें ती २०२१ सालीं मान्य केली आहे. वीस वर्षें चालावयाच्या यंत्रांत भरण्याचा गॅस दहा वर्षांनीं महाग किंवा दुर्मिळ व्हावा हें परवडणारें नाहीं. अमोनिया व प्रोपेन यांवर तसा प्रसंग येण्याचें भय नाहीं. पण पहिला विषारी व दुसरा पेट घेणारा, म्हणून बसविणारा कारागीर जाणता व जागा मोकळ्या हवेची पाहिजे.

शेवटीं विजेविषयीं दोन शब्द. फेज उलटले कीं विहिरीवरची मोटर उलटी फिरते व पाणी येत नाहीं, हा अनुभव प्रत्येकास आहे. तेथें दोन तारा बदलल्या कीं भागतें. उष्णता-पंपांत पुष्कळदां स्क्रोल जातीचा कॉम्प्रेसर असतो. तो उलटा फिरला तर दाबीत तर नाहींच, पण थोड्या वेळांत स्वतः खराब होतो. म्हणून फेजचा क्रम चुकल्यास किंवा एक फेज गेल्यास यंत्र सुरूच होऊं न देणारें उपकरण बसविल्यावांचून खरेदीच्या पावतीवर सही करूं नये. तसेंच कॉम्प्रेसरच्या तळाशीं तेल कोमट ठेवणारा एक लहान हीटर असतो. यंत्र महिनोन्‌महिने बंद असतां वीज वांचविण्यासाठीं मुख्य बटण कोणी बंद केलें, तर गॅस त्या थंड तेलांत मुरून बसतो, आणि यंत्र एकदम सुरू केलें कीं तेल फेसाळून वर निघून जातें व कॉम्प्रेसर कोरडा चालतो. सबब हंगामाच्या आदल्या दिवशीं सकाळींच मुख्य बटण चालू करून ठेवावें, व यंत्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेल गरम झाल्याची खात्री करूनच चालवावें.